लोकांच्या हक्काचे मैदान : लॉस एंजेलिस मेमोरियल कोलिझियमची शतकी वाटचाल

१ मे १९२३ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरात एक भव्य मैदान लोकांसाठी खुले झाले. पहिल्या महायुद्धात लढलेल्या या परिसरातील सैनिकांचे स्मारक म्हणून ते बांधले होते. म्हणूनच त्याच्या नावात 'मेमोरियल' हा शब्द आला आणि शंभर वर्षांत तो कधी गळू दिला गेला नाही. या काळात येथे दोन ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या, तिसरी २०२८ साली होणार आहे. तीन ऑलिम्पिकचे यजमानपद मिळवणारे हे जगातले पहिलेच स्टेडियम ठरेल. अमेरिकी फुटबॉल, बेसबॉल, हॉकी, सॉकर, मोटारशर्यती, एवढेच काय, लाकडी उतारावर बर्फ पसरून घेतलेल्या स्की उड्यांच्या स्पर्धाही येथे झाल्या. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने येथे भाषण केले, पोपनी प्रार्थना घेतली, नेल्सन मंडेलांनी लोकांशी संवाद साधला.

पण विक्रमांची ही यादी म्हणजे या संस्थेचा खरा इतिहास नव्हे. शहर, काउंटी आणि राज्य यांच्या सामाईक मालकीचे हे मैदान लोकांचे आहे, ही जाणीव वेळोवेळी कोणीतरी जागी ठेवली. मैदानाच्या वाटचालीतले सगळ्यात मोठे क्षण त्या जाणिवेतूनच आले. हा लेख त्या धाग्याने लिहिला आहे.

जुगाराच्या अड्ड्याचे उद्यान

आज जेथे कोलिझियम उभे आहे, त्या जागेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲग्रिकल्चरल पार्क म्हणत. नाव शेतीचे असले तरी तेथे शर्यती, जुगार आणि दारूचे गुत्ते बोकाळले होते. विल्यम बोवेन हे शहरातले वकील. रविवारी ते चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत. आपल्या वर्गातली मुले या जागेकडे ओढली जातात हे लक्षात आल्यावर त्यांनी ती जागा लोकांच्या ताब्यात आणण्यासाठी कंबर कसली. कोर्टकचेऱ्या, अर्जविनंत्या, वर्तमानपत्रांतून चळवळ असे सगळे मार्ग त्यांनी अवलंबले. अखेर राज्य, काउंटी आणि शहर यांनी एकत्र येऊन ही जमीन सार्वजनिक उपयोगासाठी राखायचे ठरवले. १९१३ साली येथे एक्स्पोझिशन पार्क साकारले. वस्तुसंग्रहालय उघडले, बागा आखल्या गेल्या. त्या उद्यानातच पुढे स्टेडियम आले. मैदानाच्या कारभारात तीन सरकारांचे तीन हात दिसतात, त्यांची मुळे बोवेन यांच्या या लढ्यात आहेत.

पैशाची जुळवाजुळव

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या गावोगावी स्मारके उभी राहू लागली. कोठे स्तंभ, कोठे सभागृह, कोठे पूल. लॉस एंजेलिसमध्ये स्टेडियमचा विचार पुढे आला. त्यामागे शहरातले वृत्तपत्रमालक आणि व्यावसायिक होते. त्यांनी कम्युनिटी डेव्हलपमेंट असोसिएशन नावाची संस्था काढली. तिचे एक प्रमुख सदस्य विल्यम मे गार्लंड हे जमीनजुमल्याच्या व्यवसायातले मोठे प्रस्थ होते. आपल्या शहरात ऑलिम्पिक भरवायचेच, या ध्यासाने त्यांना पछाडले होते.

पण पैसा कोठून आणायचा? त्यासाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला, तो मतदारांनी फेटाळला. योजना तेथेच बारगळली असती. मग संस्थेने दुसरा मार्ग काढला. बँकांकडून कर्ज उचलून बांधकाम करायचे, शहराने आणि काउंटीने ठरावीक वर्षे भाडे भरायचे, त्यातून कर्ज फेडायचे आणि अखेरीस वास्तू सार्वजनिक मालकीची व्हायची. २१ डिसेंबर १९२१ रोजी पहिली कुदळ पडली. दीड वर्षाच्या आत काम पुरे झाले. खर्च आला ९ लाख ५४ हजार ८७३ डॉलर.

स्टेडियमचे काम संपत आले असतानाच, एप्रिल १९२३ मध्ये, रोमला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक झाली. गार्लंड तेथे हजर होते. १९२४ आणि १९२८ ची स्थळे आधीच ठरलेली होती, म्हणून १९३२ चे यजमानपद लॉस एंजेलिसच्या पदरात पडले.

वास्तू

वास्तुरचना जॉन पार्किन्सन आणि त्यांचे पुत्र डोनाल्ड यांची. लॉस एंजेलिसचे सिटी हॉल आणि युनियन स्टेशन या इमारतींच्या आराखड्यांतही या पितापुत्रांचा वाटा आहे. कोलिझियमसाठी त्यांनी जमीन खोल खणली आणि निघालेल्या मातीचे भराव चहूबाजूंनी रचून त्यांवर काँक्रीटच्या पायऱ्या बसवल्या. त्यामुळे बाहेरून वास्तू जेवढी उंच दिसते, त्याहून आत ती कितीतरी खोल भासते. कोल्हापूरचे खासबाग मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. त्या मैदानाची स्फूर्ती राजर्षी शाहू महाराजांनी रोमच्या प्राचीन रंगभूमीवरून घेतली होती, आणि लॉस एंजेलिसच्या मंडळींनी तर नावच तेथले उचलले.

पूर्वेच्या टोकाला स्तंभांची आणि कमानींची लांबलचक ओळ आहे. मधोमध एक मोठी कमान, तिच्या दोन्ही बाजूंना सात-सात लहान कमानी. तिला पेरिस्टाइल म्हणतात. मैदानाशी ज्यांचे नाते जडले, त्यांच्या स्मृतिफलकांचे दालनही येथेच आहे. १९६८ साली वास्तूचे पुन्हा समर्पण करण्यात आले. तेव्हा स्थानिक सैनिकांपुरती मर्यादा न ठेवता पहिल्या महायुद्धातल्या सर्व अमेरिकी सैनिकांचे ते स्मारक ठरले.

पहिला फुटबॉल सामना ६ ऑक्टोबर १९२३ रोजी झाला. शेजारच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाने पोमोना कॉलेजला २३–७ असे हरवले. ७५ हजारांच्या मैदानात प्रेक्षक होते जेमतेम तेरा हजार. तेव्हापासून आजतागायत या विद्यापीठाचे घरचे मैदान हेच आहे. १९२८ पासून पाच दशकांहून अधिक काळ त्याच शहरातल्या यूसीएलए या प्रतिस्पर्धी विद्यापीठाचेही हेच घर होते.

१९३२ : मंदीतले ऑलिम्पिक

ऑलिम्पिकसाठी मैदान वाढवून आसनसंख्या एक लाखाच्या पुढे नेण्यात आली आणि कमानींवर ज्योतीचा स्तंभ उभारला गेला. पण दिवस मोठे कठीण होते. जागतिक मंदीने कारखाने बंद पडले होते, लाखो लोक बेकार होते, आणि युरोपातून कॅलिफोर्नियाचा प्रवास अनेक देशांना परवडणारा नव्हता. जेमतेम ३७ देश आले. राष्ट्राध्यक्ष हूव्हर आले नाहीत, उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी ३० जुलै रोजी उद्घाटन केले. तरी पहिल्या दिवशी मैदान खच्चून भरले.

आज ऑलिम्पिकमध्ये ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो, त्यांतल्या काही येथे रुजल्या. विजेत्यांना तीन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभे करण्याची प्रथा उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये येथे सुरू झाली. पुरुष खेळाडूंसाठी बांधलेले पहिले ऑलिम्पिक ग्रामही याच स्पर्धेचे. एडी टोलन यांनी १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. बेब डिड्रिक्सन यांनी भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांत सुवर्ण मिळवले, उंच उडीत रौप्य.

एक घोळही झाला, आणि तो ऑलिम्पिकच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत फेऱ्या मोजणाऱ्याची मोजणी चुकली आणि सगळे धावपटू एक फेरी जास्त धावले. फिनलंडचे वोल्मारी इसो-होलो आघाडीवर होते, त्यांचे सुवर्ण गेले नाही. पण ठरलेले अंतर पुरे झाले तेव्हा दुसरे असलेले अमेरिकेचे जो मॅक्क्लस्की त्या जादा फेरीत ब्रिटनच्या टॉमस एव्हन्सन यांच्या मागे पडले. शर्यत पुन्हा घेता आली असती, पण मॅक्क्लस्कींनी तो आग्रह धरला नाही आणि कांस्यपदक स्वीकारले. याच शर्यतीची अंतिम फेरी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी गाठली, तेव्हा ही आठवण मराठी वाचकांना जवळची वाटावी.

भारतासाठी तर हे मैदान सुवर्णाक्षरांत लिहावे असे आहे. हॉकीत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ होते आणि सामने याच कोलिझियमच्या हिरवळीवर झाले. लाल शाह बुखारी यांच्या नेतृत्वाखालील भारताने जपानला ११–१ असे नमवले. ११ ऑगस्ट रोजी यजमान अमेरिकेवर २४–१ असा विजय मिळवला. त्या एका सामन्यात रूपसिंग यांनी दहा आणि त्यांचे वडील बंधू ध्यानचंद यांनी आठ गोल केले. भारतीय गोलरक्षक स्वाक्षऱ्या देण्यात गुंतला असताना अमेरिकेने तो एकुलता गोल केला, असा किस्सा हॉकीप्रेमी आजही सांगतात. ऑलिम्पिक हॉकीतला हा सर्वांत मोठा विजय आहे. देश पारतंत्र्यात असताना, वर्गणीच्या आणि प्रदर्शनीय सामन्यांच्या पैशांवर प्रवास करत गेलेल्या संघाने तो मिळवला होता.

सार्वजनिक मैदानावर भेदभाव कसा?

१९३९ च्या डिसेंबरात यूसीएलए आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचा फुटबॉल सामना येथे झाला. एक लाख तीन हजारांहून अधिक प्रेक्षक होते, सामना ०–० असा बरोबरीत सुटला. यूसीएलएच्या संघात केनी वॉशिंग्टन, वुडी स्ट्रोड आणि जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू होते. वॉशिंग्टन तर त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणले जात. पण शिक्षण संपल्यावर व्यावसायिक फुटबॉल लीगचे दार त्यांना बंद होते. १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

१९४६ च्या जानेवारीत क्लीव्हलंडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला यायचा होता आणि त्याला कोलिझियम हवे होते. करार मंजूर करण्यासाठी मैदानाचा कारभार पाहणाऱ्या कोलिझियम कमिशनची बैठक बसली. तेथे कृष्णवर्णीय वाचकांसाठी निघणाऱ्या लॉस एंजेलिस ट्रिब्यूनचे क्रीडापत्रकार हॅली हार्डिंग उभे राहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते : हे मैदान सर्व करदात्यांच्या पैशाचे आहे, त्यात कृष्णवर्णीयांचाही पैसा आहे. मग ज्या संघात त्यांना जागा नाही, त्या संघाला हे मैदान का द्यायचे? या प्रश्नाला उत्तर नव्हते. मैदान हवे तर भेदभाव सोडावा लागेल हे रॅम्सच्या लोकांना उमगले. मार्चमध्ये केनी वॉशिंग्टन आणि पुढे वुडी स्ट्रोड यांना करारबद्ध करण्यात आले. बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन उतरले, त्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट आहे.

वॉशिंग्टन यांची उमेदीची वर्षे तोवर निघून गेली होती, गुडघे दुखावलेले होते. तीन हंगाम खेळून ते निवृत्त झाले. पण दार उघडले ते उघडलेच. मैदान एखाद्या धनिकाच्या खासगी मालकीचे असते, तर हार्डिंग यांना त्या बैठकीत बोलायला जागाच मिळाली नसती. या संस्थेच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची घटना मी हीच मानतो.

बेसबॉलचे पाहुणे

१९५८ साली ब्रुकलिनचा डॉजर्स हा बेसबॉल संघ लॉस एंजेलिसला आला. त्याचे स्वतःचे मैदान तयार नव्हते, म्हणून चार हंगाम तो कोलिझियममध्ये खेळला. लंबवर्तुळाकार मैदानात बेसबॉल बसवणे सोपे नव्हते. डाव्या बाजूची भिंत फलंदाजापासून अवघ्या २५१ फुटांवर येत होती. साधा उंच फटकाही बाहेर जाऊ नये म्हणून तेथे ४२ फूट उंचीची जाळी उभारावी लागली. वॉली मून हे खेळाडू त्या जाळीवरून चेंडू मारण्यात इतके तरबेज झाले, की त्यांच्या फटक्यांना 'मून शॉट' असे नावच पडले.

मागच्या रांगांतून खेळ नीट दिसत नसे. लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोर चाललेल्या सामन्याचे विन स्कली यांचे समालोचन कानाशी धरून ऐकत. हजारो ट्रान्झिस्टरमधून एकच आवाज मैदानभर घुमत असे. डोळ्यांना जे पुरते दिसत नव्हते, ते स्कली शब्दांनी दाखवत. या शहराला बेसबॉलची गोडी लावण्यात त्या आवाजाचा वाटा मोठा आहे.

७ मे १९५९ च्या रात्री ९३ हजारांहून अधिक लोक जमले ते रॉय कॅम्पनेला यांच्यासाठी. डॉजर्सचे हे यष्टीमागचे खेळाडू मोटार अपघातात कायमचे अपंग झाले होते. त्यांना चाकाच्या खुर्चीतून मैदानात आणले, दिवे मालवले आणि प्रेक्षकांनी काड्या पेटवून त्यांना मानवंदना दिली. त्याच वर्षी डॉजर्सनी वर्ल्ड सीरिज जिंकली. तिचे तीन सामने येथे झाले आणि तिन्हींना ९२ हजारांवर गर्दी होती.

शेजारची धाकटी बहीण

१९५९ साली कोलिझियमच्या शेजारी बंदिस्त प्रेक्षागृह उभे राहिले. लॉस एंजेलिस मेमोरियल स्पोर्ट्स अरेना हे त्याचे नाव, आणि कारभार त्याच कमिशनकडे. आराखडा वेल्टन बेकेट यांचा. ४ जुलै रोजी उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी उद्घाटन केले, आणि चारच दिवसांनी मेक्सिकोचे होसे बेसेरा आणि फ्रान्सचे अल्फोन्स हलिमी यांच्यात विश्वविजेतेपदाची मुष्टियुद्धाची लढत झाली.

पुढच्याच वर्षी, जुलै १९६० मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन अरेनामध्ये भरले. जॉन केनेडी यांची उमेदवारी तेथे पक्की झाली आणि १५ जुलै रोजी त्यांनी ती स्वीकारली शेजारच्या कोलिझियममध्ये. 'न्यू फ्रंटियर' ही त्यांची घोषणा याच भाषणातून देशभर गेली. जून १९६१ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची नागरी हक्कांसाठीची विराट सभा अरेनामध्ये झाली. १९६२ च्या नोव्हेंबरात तरुण कॅशियस क्ले, म्हणजे पुढचे महंमद अली, यांनी एकेकाळचे आपले गुरू आर्ची मूर यांना आधी सांगून ठेवल्याप्रमाणे चौथ्या फेरीत गारद केले. लेकर्स आणि नंतर क्लिपर्स हे बास्केटबॉल संघ येथे खेळले. १९८४ च्या ऑलिम्पिकमधले मुष्टियुद्ध येथेच झाले. आणि २०१० मध्ये, ज्यांना दवाखाना परवडत नाही अशा हजारो लोकांसाठी येथे मोफत आरोग्य शिबिर भरले, दात आणि डोळे तपासण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या.

१९९९ मध्ये क्लिपर्स नव्या प्रेक्षागृहात गेले आणि अरेनाला उतरती कळा लागली. मार्च २०१६ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी निरोपाचे कार्यक्रम केले, त्यानंतर वास्तू पाडली गेली. त्या जागी २०१८ साली २२ हजार आसनांचे सॉकर स्टेडियम उघडले. वास्तू गेली तसे तिच्या नावातले 'मेमोरियल'ही गेले.

सभा, प्रार्थना, गाणी

जून १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सेनानी पॅटन आणि डूलिटल यांचे स्वागत करायला एक लाखाहून अधिक लोक कोलिझियममध्ये आले होते. सप्टेंबर १९६३ मध्ये धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम यांच्या सभेला १ लाख ३४ हजार २५४ लोक जमले. हा गर्दीचा उच्चांक आजवर मोडलेला नाही. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी येथे प्रार्थना घेतली. २९ जून १९९० रोजी, तुरुंगातून सुटून पाचही महिने झाले नसताना, नेल्सन मंडेला येथे आले.

२० ऑगस्ट १९७२ चा वॉटस्टॅक्स हा संगीत सोहळा यांत वेगळा उठून दिसतो. सात वर्षांपूर्वी जवळच्या वॉट्स वस्तीत मोठा वंशीय उद्रेक होऊन चौतीस माणसे मरण पावली होती. त्याच्या स्मृतीत मेम्फिसच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीने हा कार्यक्रम केला. तिकीट अवघे एक डॉलर. लाखभर लोक आले, बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे, कडेवर मुले घेऊन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाणी झाली आणि कार्यक्रम शांततेत पार पडला. ज्यांच्या वस्तीवर दंगेखोर असा शिक्का बसला होता, त्यांनीच त्या दिवशी लाखाची सभा नेटकी पार पाडून दाखवली.

क्रीडेच्या आघाडीवर याच काळात १५ जानेवारी १९६७ रोजी पहिला सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अजिंक्यपदाचा सामना, येथे झाला. ग्रीन बेने कॅन्सस सिटीला ३५–१० असे हरवले. आज ज्याच्या तिकिटासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, त्या सामन्याच्या पहिल्या खेपेला अवघे ६१ हजार ९४६ प्रेक्षक होते.

१९८४ : शतांश सेकंदाचे अंतर

१९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकने त्या शहराला कर्जाच्या खाईत लोटले होते. त्यामुळे १९८४ साठी फारसे कोणी पुढे येईना. लॉस एंजेलिसने यजमानपद घेतले, पण नवी बांधकामे जवळपास टाळून असलेल्या वास्तू वापरायचे ठरवले. पीटर युबेरॉथ यांच्या संयोजन समितीने प्रायोजक आणि दूरचित्रवाणी हक्कांतून पैसा उभा केला. सोव्हिएत गटाने बहिष्कार घातला, तरी १४० देश आले. हिशेब झाला तेव्हा २३ कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरली. त्यातला एक वाटा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलामुलींच्या खेळांसाठी कायमचा राखून ठेवण्यात आला. स्पर्धेच्या तोंडावरच कोलिझियमला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

२८ जुलै रोजी माजी डेकॅथलॉन विजेते रेफर जॉन्सन यांनी ज्योत पेटवली. कार्ल लुईस यांनी चार सुवर्णपदके मिळवली. महिलांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकून जोन बेनॉइट बोगद्यातून मैदानात शिरल्या. थोड्या वेळाने स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने कोसळण्याच्या बेतात, एका अंगाने लुळ्या पडल्यागत, अडखळत शेवटची फेरी चालत राहिल्या. कोणी हात लावला असता तर त्या बाद झाल्या असत्या, म्हणून वैद्यकीय पथक बाजूने चालत राहिले. त्यांनी अंतिम रेषा ओलांडली.

८ ऑगस्टच्या ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची आठवण भारतीयांच्या मनातून जाणार नाही. या प्रकारात महिलांसाठी ऑलिम्पिक शर्यत पहिल्यांदाच होत होती. मोरोक्कोच्या नवाल एल मुतवकेल ५४.६१ सेकंदांत पहिल्या आल्या. एका चुकीच्या सुरुवातीमुळे शर्यत पुन्हा सुरू करावी लागली होती. तिसऱ्या स्थानासाठी पी. टी. उषा आणि रुमानियाच्या क्रिस्तिना कोजोकारू जवळपास एकाच क्षणी रेषेवर पोहोचल्या. छायाचित्र तपासले गेले. कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. शतांश सेकंदाने पदक हुकले. पण केरळच्या पय्योळी गावच्या वीस वर्षांच्या मुलीने ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावून चौथा क्रमांक मिळवला, हे पाहून देशातल्या किती मुलींनी धावायचे बूट पायांत घातले असतील! त्याच स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिलेच्या अंतिम फेरीतही भारतीय महिलांचा संघ उतरला.

पडझड आणि नवा कारभारी

नंतरचा काळ ओढगस्तीचा. १९९३ मध्ये मैदान ११ फुटांनी खाली नेले, प्रेक्षकांना खेळाजवळ आणले आणि धावण्याचा मार्ग काढून टाकला. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने वास्तूला तडे गेले. दुरुस्तीसाठी नऊ कोटी डॉलरहून अधिक लागले, बहुतांश पैसा केंद्र सरकारने दिला. रॅम्स आधीच गेले होते, येथे खेळणारा रेडर्स हा फुटबॉल संघही १९९४ च्या हंगामानंतर निघून गेला. देखभालीला पैसा पुरेना. पुढे कमिशनच्या काही माजी अधिकाऱ्यांवर गैरव्यवहाराचे आरोप होऊन खटले उभे राहिले. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप स्वच्छ कारभार नव्हे, हा कडू धडाही याच संस्थेने दिला. मालक जागा राहिला नाही, तर विश्वस्तही झोपतात.

२०१३ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाने ९८ वर्षांच्या भाडेकराराने कारभार हाती घेतला. मालकी मात्र लोकांचीच राहिली. विद्यापीठाने ३१ कोटी ५० लाख डॉलर खर्चून नूतनीकरण केले, ते २०१९ मध्ये पूर्ण झाले. आसनसंख्या कमी होऊन ७७ हजार ५०० वर आली. खुर्च्या, जिने, दिवे सगळे नवे झाले, पण कमानी तशाच जपल्या.

नावासाठी उभे राहिलेले सैनिक

या नूतनीकरणाच्या खर्चासाठी विद्यापीठाने २०१८ मध्ये एका विमान कंपनीशी सुमारे सात कोटी डॉलरचा नामकरण करार जाहीर केला. त्यानुसार 'लॉस एंजेलिस'च्या जागी कंपनीचे नाव येऊन पुढे 'मेमोरियल कोलिझियम' एवढेच उरणार होते. माजी सैनिकांच्या संघटनांनी हरकत घेतली. लॉस एंजेलिसच्या सैनिकांचे स्मारक म्हणून लोकांनी उभारलेल्या वास्तूवरून शहराचे नाव कसे पुसता? काउंटीच्या लोकप्रतिनिधी जॅनिस हान यांनी हा प्रश्न लावून धरला. बोलणी झाली. २०१९ मध्ये तडजोड निघाली : कंपनीचे नाव आतल्या खेळपट्टीला, आणि वास्तूचे नाव लॉस एंजेलिस मेमोरियल कोलिझियम हेच. १९४६ मध्ये हार्डिंग यांनी जो मुद्दा मांडला, त्याच मुद्द्यावर हे नाव वाचले.

२०२८ आणि आपण

२०२८ च्या जुलैत ऑलिम्पिक येथे परत येईल. उद्घाटन सोहळा कोलिझियम आणि इंगलवूडचे सोफाय स्टेडियम अशा दोन ठिकाणी विभागला जाणार आहे. ॲथलेटिक्सच्या स्पर्धा कोलिझियममध्येच, आणि त्याही पहिल्या आठवड्यात होतील. १९९३ मध्ये काढून टाकलेल्या मार्गाच्या जागी तात्पुरता उंच तळ उभारून त्यावर नवा मार्ग घातला जाईल. ज्या मैदानावर ध्यानचंद-रूपसिंग खेळले आणि पी. टी. उषा धावल्या, त्याच मैदानावर भारतीय धावपटू पुन्हा उतरतील.

आपल्याकडेही थोरांच्या आणि हुतात्म्यांच्या नावाने क्रीडासंकुले आणि मैदाने आहेत. उद्घाटनाच्या दिवशी फुलांनी सजलेली कित्येक मैदाने पुढे लग्नसमारंभांच्या मांडवांत आणि प्रदर्शनांच्या गाळ्यांत हरवतात, आणि परिसरातली मुले कुंपणाबाहेर राहतात. कोलिझियमच्या शंभर वर्षांतून घेण्याजोगे आहे ते एवढेच : स्मारक बांधताना त्याची मालकी, देखभालीचा पैसा आणि वापराचा हक्क कागदावर स्पष्ट लिहून ठेवावा, आणि तो कागद विसरला गेला की बैठकीत उभे राहून प्रश्न विचारावा. आपल्या गावच्या मैदानाची पुढची बैठक कधी आहे याची चौकशी या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाने करावी आणि त्या बैठकीला जावे, ही कळकळीची विनंती.